त्र्याऐंशी

कुमलुज्यात समुद्र दिसतो तो प्लॅस्टिकच्या पलीकडे.
आधी टोमॅटोची घरं, मग टोमॅटोची घरं, मग एक रस्ता,
पुन्हा टोमॅटोची घरं,
आणि जागा उरलीच तर भूमध्य.

आत शिरताना बूट बाहेर.
पांढरा झगा, केसांना जाळी,
आणि हात दुधात:
साय काढलेलं दूध, निळ्या परातीत.
विषाणू दुधाला बिचकतो, म्हणे.
का बिचकतो ते मी दोनदा विचारलं
आणि दोनदा विसरले.
ओरहुन बे सहा वर्षं या रोगाच्या हात धुऊन मागे लागलेत,
शब्दशः, दिवसातून चाळीस वेळा.

रिफात मात्र दाराबाहेरच.
त्याच्या बोटांत तंबाखू मुरलीय तीस वर्षांची,
आणि तंबाखूचा रोग हा आमच्या रोगाचा
सख्खा चुलतभाऊ.
तो माती भरतो, पाइप ओढतो, काचेतून बघतो.

मंगळवारी आम्ही रोग लावतो.
हळद लावावी तसा लावतो:
आजारी पानं खलात कुटून, गाळून,
रोपाच्या दोन पानांवर बारीक भुकटी भुरभुरून
कापसाच्या बोळ्याने तो रस चोळायचा.
फार जोरात नाही, पान फाटलं तर निकाल फाटतो.
बेद्रिये पहिल्या वर्षी रडली होती.
आता ती पुटपुटते, सोस गं थोडं.
दोनशे चाळीस वेळा पुटपुटते.

सतराव्या दिवशी शेंडे आखडले.
पानांवर फिकट-गडद ठिगळं,
काही तर अरुंद होत होत नेच्याची पानं झालेली.
ओरहुन बे लाल पेन्सिलीने काट मारत निघाले.
काट. काट. तीन-चार अर्धवट. काट.
त्र्याऐंशीपाशी पेन्सिल थांबली.
भिंग काढलं, पान उलटं केलं,
मग मला हाक, मग बेद्रियेला,
आणि रिफात काचेला नाक लावून.
कोणी काही बोललं नाही. दृष्ट लागते.
बेद्रियेने गळ्यातला निळा मणी सोडला,
कुंडीला बांधणार तोच
ओरहुन बे म्हणाले, आधी स्पिरिटने पूस.

त्र्याऐंशीचा आजा दूर पेरू देशातला, डोंगरउतारावरचा:
केसाळ, चिकट, पिकला तरी हिरवाच.
त्याला आई करून पाहिलं,
त्याने आमच्या परागाला ओळखच दिली नाही.
म्हणून आमच्या गुलाबी टोमॅटोची कळी,
उमलायच्या आदल्या संध्याकाळी,
चिमट्याने सोलली पिवळ्या शंकूपर्यंत, शंकूही काढला;
उरली एक हिरवी सुई,
तिच्या टोकाला त्या डोंगराची धूळ.

वाण नाही पण गुण लागला, असं लोक हिणवून म्हणतात.
आमचा सगळा धंदाच त्या म्हणीवर उभा आहे:
गुण तेवढा लागू दे, वाण नको.
पण गुण एकटा कधी येतो?
येताना कडूपणा आणतो, केस आणतो,
फळ गोटीएवढं करून ठेवतो.
मग परत गुलाबी आईकडे, परत रोग, परत काट,
सहा पिढ्या, सात पिढ्या.
तोवर विषाणूही काही शिकत असेल.
मागचा वाण बाजारात दोनच हंगाम टिकला;
त्याचं नाव आता आमच्यात कोणी काढत नाही.

जूनमध्ये त्र्याऐंशीला फळं धरली, चार.
एक मी बाहेर नेलं, रिफातसाठी.
एवढं तरी त्याला द्यायलाच हवं होतं.
त्याने चावलं. डोळे मिटले.
"रॉकेल," म्हणाला.
आणि आतून ओरहुन बे ओरडले, बी! बी गिळू नकोस!

रिफातने तळहातावर थुंकलं.
नऊ बिया, त्या पिवळट पडलेल्या बोटांच्या मधोमध.
त्याने हात पुढे केला, मग त्यालाच आठवलं,
आणि हात तसाच हवेत राहिला,
ना पुढे, ना मागे.

मी दुधाची परात बाहेर घेऊन आले.